गप्प म्हणजे मोकळं

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. शाळेत माझा रोबोटिक्सचा क्लास सुरू. प्रोजेक्ट: समोर अडथळा आला की आपोआप ब्रेक लागणारी छोटी गाडी. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, बावीस तारखेला पालकांना दाखवा. जमलं तर खोली तुमची, नाहीतर नृत्याच्या क्लासला. नोकरी सुटल्यापासून सकाळी उठून जायला ही एवढीच जागा उरलीय. जमेलच.

७ फेब्रुवारी
गाडी भिंतीवर आपटली. भिंतीचा रंग सेन्सरला मानवत नाही, असं मुलांना सांगितलं. पाठ दुखते.

११ फेब्रुवारी
पुन्हा आपटली. सेन्सरची वायर निघाली होती. चष्मेवाली मुलगी म्हणाली, सर, सेन्सर बंद असेल तर गाडी सुरूच होऊ नये, असा कोड टाकू या. तिला समजावलं, सेन्सर गप्प म्हणजे रस्ता मोकळा. उगाच फाटे फोडायचे नाहीत. सगळी मुलं गप्प झाली. पटलं असावं.

२० फेब्रुवारी
मधे लिहायचं राहिलं, चिंतन चालू होतं. सेन्सर जळला. वायर मीच उलटी जोडली, पण दोष वायरच्या रंगांचा. दुकानात माल संपलेला. शेवटी बायकोच्या गाडीचा, मागे काही आलं की बीप करणारा रिव्हर्स सेन्सर काढून प्रोजेक्टला लावला. तिला सांगेन, मूड बघून.

२२ फेब्रुवारी, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. हिची गाडी सामानासाठी मागून घेतली. सेन्सरचं सांगायचं राहिलं.

संध्याकाळी
मुलांची गाडी सुरूच होईना. वायर सुटली होती, आणि चष्मेवालीने मला न विचारता तिचा कोड टाकला होता. तिने वायर जोडली. गाडी सुटली ती थेट बाईंच्या चपलेपुढे येऊन थांबली. टाळ्या! बाई म्हणाल्या, खोली तुमची. हे मीच शिकवलं, असं मी पालकांना सांगितलं. एका अर्थी खरंच आहे.

मग सामान भरायला हिची गाडी रिव्हर्सने खोलीच्या दाराशी घेतली. बीप नाही. गप्प म्हणजे मोकळं. दार चौकटीसकट आत गेलं.

चष्मेवालीने हळूच विचारलं, सर, सेन्सर चालू होता ना? घरी हिनेही तेच विचारलं, पण हळू नाही.

२४ फेब्रुवारी
दार दुरुस्त होईपर्यंत खोली बंद. झाल्यावर तिथे नृत्य. दिवसभर पडून होतो, उठावंसं वाटेना.

संध्याकाळी मुलांचा निरोप आला. आता क्लास चष्मेवालीच्या घरी भरणार आहे. सर, तुम्हीही या, पण चालत या.

तसंही डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.