अलमेलुने उद्यावर ठेवलेले डोळे

मी, सुप्रभा सीतारामराव, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार मेलवीथी, तंजावूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. श्रीहर्ष यांनी दिला आहे. रक्तदाबाबद्दल मात्र ते काही लिहायला तयार झाले नाहीत.

वकिलांच्या हट्टाने तमिळ प्रत सोबत जोडली आहे, पण खरं मृत्युपत्र हेच. माझी भाची अखिला मराठी बोलते, पण ही लिपी तिला वाचता येत नाही. घरात ती वाचणारा एकच उरला: तिचा बाप, माझा धाकटा भाऊ मुरलीकृष्ण. त्याचं माझं बोलणं बंद आहे. तेव्हा हे त्यानेच सर्वांसमोर मोठ्याने वाचावं. मुरली, घसा साफ कर. एकही ओळ गाळायची नाही.

कलम १. राहतं घर व बँकेतली ठेव अखिलाला. शाळेने मोडीत काढलेला एक बाक मागच्या खोलीत आहे. तिन्हीसांजेला तो सरकल्यासारखा आवाज येतो. भिऊ नये. मीही आधी भीत असे, आता दिवा लावून तिथेच जाऊन बसते.

कलम २. आमचे वडील, अप्पा, लाकडी फळीवर सोन्याच्या वर्खाची तंजावुरी चित्रं करत. त्यांची हत्यारं मुरलीला, कारण धंदा त्याने चालवला. फक्त सगळ्यांत बारीक कुंचला त्याला नाही. त्या कुंचल्याने अप्पा देवाचे डोळे काढत, सर्वांत शेवटी, अंघोळ करून, दार लावून. ज्याने चित्र केलं त्याच्याच हाताने डोळे उघडायचे, तोवर ती नुसती फळी, असं ते म्हणत.

कलम ३. माजी मुख्याध्यापिका वरलक्ष्मीबाई यांना माझं लाल पेन. त्यांना ते फार आवडे. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या चित्रांना रंगाचे इतके, नीटनेटकेपणाचे इतके असे मार्क द्यायला त्यांनी मला लावलं. निळ्या गायीला कमी द्या म्हणाल्या. मी त्या गायीला पैकीच्या पैकी दिले. गाय निळी का, ते काढणाऱ्या मुलाला ठाऊक होतं. बाईंना नव्हतं.

कलम ४. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. पलंगासमोरच्या भिंतीवर एक चित्र आहे. दुसरीतल्या अलमेलुने काढलेलं. विषय होता 'मला आवडणारं माणूस'. तिने मला काढलं. हिरव्या काठाची साडी, मोठ्ठा चष्मा, आणि चष्म्यात काही नाही. डोळे शेवटी हा अप्पांचा नियम मी वर्गातही चालवत असे, मार्क त्यानंतर. घंटा झाली तेव्हा तिने खडू खाली ठेवला.

"मिस, डोळे उद्यां काढत्यें. हसते काढूं कीं रागाचे, तें ठरवायचें आहे."

त्याच रात्री तिला ताप भरला. डेंग्यू निघाला. ती परत आली नाही.

वरलक्ष्मीबाई म्हणाल्या, अपूर्ण आहे, 'सी' द्या आणि मोकळ्या व्हा. मी मार्कांची जागा कोरी ठेवली. तिची आई नागलक्ष्मी दर सरस्वती पूजेला प्रसादाच्या हरभऱ्यांचा, सुंडलचा डबा घेऊन येते, चित्रासमोर बसते आणि विचारते, "मिस, आमच्या अलमेलुला मार्क पडले कीं?" मी म्हणते, अजून पुरं झालं नाही. ती मान हलवते, डबा माझ्या ताटलीत रिकामा करते, जाते. त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या कोऱ्या चष्म्याकडे पाठ करून झोपता येत नाही.

असंच एकदा ती रडली तेव्हा मुरलीला दया आली. डोळे काढायला त्याने तो बारीक कुंचला उचलला. मी त्याचं मनगट धरलं, आणि चित्रातल्या चष्म्याच्या डाव्या काचेवर काळा ओरखडा उमटला. "अक्का, मेलेल्या लेकराला किती वर्षें वर्गांत बसवून ठेवशील?" असं तो बोलला. मुरली, तुझं खोटं नव्हतं. म्हणूनच मी तुझ्याशी बोलले नाही.

मला भीती मुलीची नाही. जन्मभर मी मुलांना मार्क दिले, आणि त्या पोरीला मी कशी दिसत होते, हसती की रागाची, ते त्या डोळ्यांत यायचं होतं. माझा निकाल तिच्याकडे राहिला. रोज सकाळी मी तो पाहायला उठते आणि काच कोरी असते.

तेव्हा माझी इच्छा अशी. ते चित्र व तो कुंचला नागलक्ष्मीला द्यावा. माझे दिवस झाल्यावर तिने अंघोळ करून, दार लावून डोळे काढावेत. काढणारा हात गेला, पण तो हात तिने घडवला होता, अप्पांचीही हरकत नसती. मला येत नाही असं ती म्हणेल. तरी तिलाच काढू द्यावं. वाकडे आले, रागाचे आले, तरी खोडू नयेत. ओरखडाही राहू द्यावा.

मार्कांची जागा तशीच कोरी ठेवावी. चित्र माझं आहे, आणि स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नसतो.

वरील मजकूर माझ्या हातचा, वाचून पाहून सही केली.

सुप्रभा सीतारामराव
तंजावूर, विजयादशमी, १२ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. डॉ. श्रीहर्ष
२. वेंकटेश, निवृत्त ड्रिल मास्तर