शत्रूच्या तोफा बिघडवण्याचा बेत

३ मार्च १७४२, सकाळ
कैदेचा सातवा महिना. त्रावणकोरच्या राजाला तोफा शिकवणारा हवा आहे. मी हो म्हटलं. शिकवीन मात्र सगळं चुकीचं. हॉलंडच्या वलंदेज आरमाराचा लेफ्टनंट असा विकला जात नाही. आमच्या जहाजाचा आचारी वाऊटर माझ्याच कोठडीत आहे, त्याला बेत सांगितला. म्हणाला, तुम्हाला चुकीचं बघवतं तरी का? माझ्या रश्श्यातही चुका काढायचात. क्षुद्र माणूस.

९ मार्च
पहिला धडा. दारू दुप्पट ठासायला सांगितली. तोफखान्याचे म्हातारे नायक नीलन पिळ्ळै शांतपणे म्हणाले, "कप्तान, बत्ती लावताना तुम्ही इथंच उभे राहणार ना?"
अर्धी दारू काढायला लावली. बेत लांबवला. सोडलेला नाही.

२ एप्रिल
नेम मुद्दाम खाली धरायला लावला. गोळा चिखलात. सगळे हसले. मला हसले असते तर चाललं असतं, पण हा आरमाराचा अपमान. एकदाच नेम लावून दाखवला. माडाचा शेंडा उडाला. निव्वळ देशाच्या अब्रूखातर.

१४ मे
गडी तरबेज होत चाललेत. फार वाईट. उद्यापासून नक्की बिघडवणार. डावीकडचा बत्ती उशिरा लावतो, तेवढं आधी सुधारून घेतो.

११ ऑक्टोबर
आमच्याच आरमाराचं जहाज किनाऱ्यावर चालून आलं. शिडांवरून ओळखलं. मला बुरुजावर नेलं होतं. मी ओरडलो, नेम खाली धरा. पिळ्ळै म्हणाले, "नाही कप्तान. बरोबर काय ते आम्हाला तुम्हीच शिकवलंत."
तिसऱ्या गोळ्याला डोलकाठी पडली. जहाज कललं. माणसं पाण्यात.
मी तोफेला हात लावला नाही. हे इथं नोंदवून ठेवतो.

१२ ऑक्टोबर
वाऊटर बोलत नाही. निवळेल.

४ डिसेंबर
राजाचा आणि आमच्या वलंदेज कंपनीचा तह झाला! कैदी सुटणार. सामान बांधलं. वाटेत सगळा खुलासा लिहून काढीन. वरिष्ठ समजूतदार आहेत.

६ डिसेंबर
यादी वाचली. माझं नाव नाही. कंपनीच्या कारकुनाला विचारलं. म्हणाला, तुमचं नाव फितुरांच्या यादीत आहे, आलात तर फाशी.
वाऊटर निघताना माझ्यापाशी थांबला. "माझा मेव्हणा होता त्या जहाजावर, लेफ्टनंट," एवढंच म्हणाला.

७ डिसेंबर
कोठडीत एकटा. पिळ्ळै येऊन बसले. घरी कोण आहे, विचारलं. आई, म्हटलं. ते म्हणाले, मग आता इथंच लग्न करून टाका.
मी नाही म्हणालो नाही.