नवव्या प्रश्नाचं उत्तर

३ मार्च

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पाय अजून प्लास्टरमध्येच आहे, आणखी तीन आठवडे. जिन्यावरून पडून घोटा मोडणारी बाई लोकांना सावरायचं शास्त्र शिकवते, असं आमचे सर येईल त्याला हसून सांगतात.

सोबत एक प्रश्नावली पाठवतेय. आगीत शिरणारे, अपघातातून माणसं बाहेर काढणारे, अशांच्या मनाचं काय होतं हा आमचा अभ्यास. त्यांतले काही जण स्वतःचा जीव द्यायला निघतात, आणि काही तेच सगळं पाहूनही उभे राहतात. ते कशाच्या बळावर, हे शोधायचंय. अडचण भाषेची आहे. नववा प्रश्न सरांनी असा लिहिलाय की आधी शब्दकोश उघडावा लागेल. तू इतकी वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेस, तुझी लाल पेन्सिल चालव.

भावजींनाही वाचायला दे. सव्वीस वर्षं अग्निशमन दलात काढून जो माणूस घरी येऊन नकला करतो, तो चिवटपणाचा नमुनाच. माझ्या व्याख्यानांत मी नाव न घेता त्यांचंच उदाहरण देते. हे त्यांना सांगू नकोस, आधीच कॉलर ताठ असते. आणि हो, भरायची नाही, फक्त वाचायची.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी ठकू

१० मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या सरांना एक दिवस माझ्या वर्गात बसव. नववा प्रश्न मी असा केलाय: ‘गेल्या महिन्यात जीव द्यावा असं मनात आलं का?’ लिहिताना पेन्सिल दोनदा खाली ठेवली. असलं कोणाला विचारू नये गं, पण तुमचं शास्त्र तुम्हाला लखलाभ.

यांनीही वाचली. गॅलरीत तासभर बसले होते. मग पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं, म्हणाले चुका दाखवल्यात, ठकूलाच उघडू दे. तसंच पाठवतेय.

बाकी एक चांगली बातमी. वर्षभर यांची नुसती चिडचिड चालली होती, मी तुला बोलले नव्हते. पण गेल्या पंधरा दिवसांत माणूस एकदम निवांत झालाय. स्वतःची हत्यारांची पेटी, जिला मला हात लावू द्यायचे नाहीत, ती खालच्या इलेक्ट्रिशियनला देऊन टाकली. परवा उठून मुलीला वसतिगृहावर भेटून आले, तेही सुट्टी नसताना. आणि ऐक, मला गॅसचा रेग्युलेटर बदलायला शिकवला! तीनदा करून दाखवायला लावलं, मास्तरकी मी करते की हे, कळेना. पाण्याचा मुख्य कॉक कुठला, फ्यूज कुठली, सगळं पाठ करून घेतलं. दृष्ट लागू नये.

पाय जपून टाक. माया कमी करू नकोस.
तुझी ताई

१४ मार्च

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तीनदा फोन केला, तीनदा तू ठेवलास. म्हणून हे पत्र आमच्या समुपदेशक बाईंच्या हाती देतेय. त्या स्वतः तुझ्याकडे येताहेत. मला या पायाने निघता आलं असतं तर उडत आले असते.

पाकीट उघडलं तेव्हा मी चहा पीत होते. भावजींनी प्रश्नावली वाचली नाही ताई, भरलीये. एकूण एक प्रश्न, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात. नवव्या प्रश्नापुढे ‘जवळजवळ रोज’ या चौकटीत खूण आहे. खाली लिहिलंय, प्रश्न समजला, भाषा बरोबर आहे, बदलू नये.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. ज्या गोष्टींनी तू खूश झालीस त्याच धोक्याच्या खुणा आहेत. आवडती वस्तू देऊन टाकणं, अचानक आलेला निवांतपणा, न ठरवता घेतलेल्या भेटी. हे मी अकरा वर्षं दुसऱ्यांना शिकवतेय. आणि पहिल्यांदा वाचताना मी रेग्युलेटरवर हसले होते.

तू म्हणालीस, मी अभद्र बोलतेय, विचारलं तर नसलेलं मनात येईल. तसं होत नाही. आम्ही शेकडो जणांना विचारलंय. विचारल्याने कोणाच्या मनात ते येत नाही. आधीच असेल तर ओझं थोडं उतरतं. म्हणून तूच विचार, आजच. वेडंवाकडं काही नाही ना मनात, असं विचारू नकोस, त्यात ‘नाही’ हे उत्तर तूच देऊन टाकतेस. तुझ्याच शब्दांत विचार. ‘हो’ म्हणाले तर उपदेश नको, रडलीस तरी चालेल. त्यांना एकटं सोडू नकोस. बाई बाहेरच्या खोलीत असतील, डॉक्टरांची वेळही त्यांनी घेतलीये.

माझ्यावर राग धर, पण एवढं ऐक.
तुझी ठकू

१६ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

विचारलं.

तुझ्या बाई आल्या तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होते. पण पत्र वाचलं, आणि त्यांना आत घेतलं. हे आत बुटांना पॉलिश करत होते. मी समोर जमिनीवर बसले आणि वर्गात प्रश्न सांगते तसा सांगितला. ब्रश थांबला. मान वर न करता म्हणाले, हो.

मला वाटलं होतं, हसतील. नक्कल करतील माझी.

गेल्या वर्षीची ती कारखान्याची आग आठवते? यांनी दोघांना बाहेर काढलं आणि सत्काराची ढाल मिळाली ती? आत तिसरा होता. तो हाका मारत होता, आणि छत खचतंय म्हणून यांना परत फिरण्याचा हुकूम आला. हे फिरले. ती ढाल मी रोज पुसत होते, ठकू. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. आणि हे समोर बसून चहा पीत होते.

दिवससुद्धा ठरला होता. मुलीचा शेवटचा पेपर शनिवारी, त्यानंतरचा सोमवार. तिची परीक्षा बिघडू नये म्हणून. हे त्यांनी मला दूधवाल्याचा खाडा सांगावा तसं सांगितलं. मी इतकी ओरडले की बाई धावत आत आल्या. मला रेग्युलेटर शिकवून जाणार होतात का, एवढंच ओरडत राहिले. तेव्हा ते रडले. तेवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा पाहिलं.

मग विचारलं, ते कागद भरलेत कशाला. म्हणाले, ठीक ना, असं वर्षभर सगळ्यांनी विचारलं, पण हे कोणीच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. औषधं सुरू झाली, ड्यूटी बंद. ते झोपलेत, मी उशाशी बसून लिहितेय. मी तुला अभद्र म्हणाले, ते शब्द माघारी घेते. दिवा मंद ठेवलाय, अक्षराला हसू नकोस.

तुझीच
ताई

२२ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मेहुणीला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, चुका काढू नकोस. बरा आहे असं लिहिणार नाही, त्या शब्दाने फार फसवलंय. काही दिवस चांगले जातात, काही नाही. वाईट दिवशी तुझ्या ताईला सकाळीच सांगतो. शाळा होती तेव्हा ती दांडी मारायची, आता सुट्टीच आहे; आम्ही दोघं मुकाट्याने भाजी निवडतो. डॉक्टर म्हणतात, हाही औषधाचाच भाग.

अग्निशमन केंद्रावर हलकं काम मिळालंय. तुझी प्रश्नावली वाटायची होती ती मीच वाटली. साहेब म्हणाले, नुसतं टेबलावर ठेवा. मी ठेवली नाही. तेवीस जणांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की नवव्या प्रश्नाला माझं उत्तर हो होतं, आणि मी अजून इथे आहे. भरलेली पाकिटं बंदच पाठवतोय, मी उघडलेली नाहीत.

शिडीच्या गाडीवरचा आमचा ड्रायव्हर तुला माहीत नाही. माझ्या दुप्पट नकला करतो. बारा वर्षं त्याच्या शेजारी बसून जेवलो. काल सगळे गेल्यावर तो पाकीट हातात घेऊन तसाच बसून राहिला. मी त्याला तोच प्रश्न तोंडी विचारला. तो काही बोलला नाही, पण गेलाही नाही. त्याच्यासोबत घरापर्यंत चालत गेलो. त्याच्या बायकोला सांगितलं, आज एकटं सोडू नका. डॉक्टरांकडे आज आम्हा दोघांची वेळ घेतलीये.

आत्ता तो दाराशी उभा आहे. चपला काढाव्यात की नाही, अशा विचारात. पत्र इथेच थांबवतो, त्याला आत घेतो.

तुझा
भावजी