निळ्या किनारीची चादर

मी, खाली सही करणारी, या गल्लीची शिंपीण, वय शहात्तर. आज वकीलसाहेबांसमोर चष्मा न लावता सुईत दोरा ओवून दाखवला आहे, तेव्हा माझी बुद्धी ठिकाणावर नव्हती असे पुढे कोणी म्हणू नये. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करते. माझ्यावर दडपण आणायची छाती अजून कोणाला झालेली नाही.

१. शिवणयंत्र गल्लीतल्या शिवणवर्गाला. कुरकुरले तर तेल घाला, शिव्या घालू नका.

२. मोठी कात्री शेजारणीला. तिने कागद कापला तर मी मानगुटीवर बसेन.

३. टेप समोरच्या टेलरला. तिचा पहिला इंच झिजून गेला आहे, पण त्याला तोकडे शिवायची सवय आहेच.

४. आता माझे दोन भाऊ. बंड झाले तेव्हा धाकटा बंदूक घेऊन टपाल कचेरीत शिरला आणि थोरला सरकारी फौजेतून तिला वेढा घालून बसला. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, माझे मात्र कान किटवले आहेत. "ताई, बंदुकीला काय फुलं द्यायची होती?" हा थोरला. "ताई, सरकारने आपलीच माणसं मारली," हा धाकटा. माझे मत कोणीच विचारले नाही. ते इथे लिहिते, म्हणजे मध्येच तोडता येणार नाही.

धाकट्या, पहिली गोळी तुमची. दारावरचा शिपाई गेला, त्याने तुमचे काय घोडे मारले होते? सरकारने शस्त्र उचलले यात मी दोष काढत नाही. पण आतल्या पोरांनी खिडकीतून पांढरी चादर बाहेर धरली, त्यानंतरही गोळ्या चालूच राहिल्या आणि चादर धरणारे मेले. शरण आलेल्याला मारणे हा खून आहे, हुकूम कितीही मोठ्या साहेबाचा असो.

चादर आपल्याच घरची, धाकट्याने अंथरुणासोबत नेलेली. निळी किनार मी लावलेली. थोरल्याने ती ओळखली आणि बंदूक खाली ठेवली, म्हणून त्याला फौजेतून काढले. घरी सांगितले, पाय दुखतो. मला शपथ घातली होती, ती आज मोडते.

आयुष्यभर फाटके दिसले की शिवत आले, पण थोरल्याने गुपचूप आणून दिलेल्या त्या चादरीची भोके तशीच ठेवली आहेत. ती शिवणवर्गाच्या भिंतीवर लावावी.

५. चौथे कलम ज्याला पटेल त्याने साक्षीदार म्हणून सही करावी. साक्षीदाराला कायद्याने घराची एक वीटही मिळत नाही, हे वकीलसाहेबांनी दोघांना समजावले आहे. एकाने सही केली तर घर दुसऱ्याचे. दोघांनी केली तर शिवणवर्गाचे. कोणीच केली नाही तर अर्धे अर्धे, आणि साक्षीला वकिलांचे दोन कारकून चहा पीत बसलेच आहेत. घराची मला फिकीर नाही. मरण्याआधी दोघांना एका कागदावर बघायचे आहे, एवढेच.

ठिकाण: माझी शिवणखोली, भाऊ दोन कोपऱ्यांत.
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यातली.
सही: शिंपीण

साक्षीदार: थोरला भाऊ, माजी सैनिक. चौथे कलम मान्य. पाय खरंच दुखतो.

साक्षीदार: धाकटा भाऊ, सुतार. मान्य, शिपायासकट. पेन दादाचं.