यादीतली पाचवी जागा

घाटनांदूर
सोमवार, दि. १८ नोव्हेंबर २०२४

श्री. अर्जुनराव,

रामराम. इकडे आम्ही ठीक. थंडी पडल्यापासून वनमालेचा गुडघा कुरकुरतो, बाकी तूर बरी आहे, हॉटेल चालू आहे. तुमची तब्येत उत्तमच असणार. आजारी माणूस इतकं टपोरं अक्षर काढत नाही.

तुमची यादी पोचली. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस मोबाइल सोडून पाकीटच पाठवणार, हे मला ठाऊक होतं. आम्ही दोघं डिसेंबरात येणार म्हणून हैदराबादेत कुठं जेवायचं, किती वाजता जायचं, काय मागवायचं, कोणत्या बाकड्यावर पंखा लागत नाही, सगळं तुम्ही लिहिलंय. वनमालेनं ती यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "दाजींना लई माहिती हाय," म्हणाली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तसं त्या यादीत मला नवं काही नव्हतं. दर रविवारी आरोहीच्या फोनवर तीच ऐकतो. बाबा, आज काकांनी नामपल्लीला नहारी खायला नेलं. बाबा, काकांनी कोठी भागात इराणी चहा पाजला. बाबा, काकांना ना सगळं माहीत असतं. तीस वर्षं मी इथं लोकांना जेवू घालतोय आणि माझी पोर मला दुसऱ्याच्या ताटातलं वर्णन करून सांगते. मी "बरं, बरं" म्हणतो. सख्खे साडू आपण, दुसरं काय म्हणणार?

आबिडचा गाडीवरचा डोसा तुम्ही पहिल्या नंबरला टाकलाय. इतकं लोणी ओतल्यावर चप्पलसुद्धा चांगली लागेल. बिर्याणीबद्दल मात्र तुम्ही लिहिलंय की पाटी मोठी आहे तिथं जाऊ नका, मागच्या गल्लीत जा. ते पटलं. तुम्हाला कळत नाही असं मी कधी म्हटलं नाही.

पण तुम्ही जागा जिभेनं शोधता, मी कानानं. आरोही लहान असताना दर सोमवारी, आपलं हॉटेल बंद असलं की, मी तिला अंबाजोगाईला दुसऱ्यांच्या हॉटेलात जेवायला न्यायचो. दारात उभं राहून डोळे मिटायला सांगायचो. आत कालवा असला तर चहा घेऊन निघायचं. माणसं गप असली तर बसायचं. चांगलं जेवणारा माणूस बोलत नाही. तुमच्या कुठल्याही यादीच्या आधीची ही शिकवण आहे, हे तिनं तुम्हाला सांगितलं का, मला माहीत नाही.

आता पाचव्या जागेचं.

तिथं तुम्ही हॉटेलचं नाव लिहिलं नाही. "सिकंदराबाद स्टेशनच्या मागे हनुमान मंदिरासमोर, पिठाच्या गिरणीला लागून एक साधी जागा. भाकरी-आमटी बरी मिळते. शेवटी तिथे जाऊ." बाकी चार जागांना पान-पान, हिला तीन ओळी. अर्जुनराव, तुम्ही कधी कुठल्या जेवणाला नुसतं "बरी" म्हणून थांबला आहात काय?

जुलैपासून आमच्या घरून तुमच्याकडे येसर मसाल्याचे सहा डबे गेले. वच्छलाताईंना तर तिखट चालत नाही. मग इतकी आमटी पितंय कोण? वनमालेला विचारलं तर म्हणाली, "ताईच्या शेजारणी मागतात." असं म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आणि दसऱ्याला मी फोन केला तेव्हा मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तुम्ही घाईनं फोन घेतला. "टीव्ही चालू हाय," म्हणालात. तीन थापा, मग परात सरकल्याची खर्र, परत तीन थापा. आरोही डावरी आहे, दर तीन थापांनी परात सरकवून घेते. ती भाकरी तिला मी शिकवली, वनमालेनं नाही.

तर तुम्हाला सांगायचं असं, की मी येऊन गेलो.

लातूरला भांडी बघायला जातो असं घरी सांगितलं आणि हैदराबादची गाडी धरली. मागच्या मंगळवारची गोष्ट. गिरणीवाल्या बाईला म्हटलं, दमलोय, जरा बसू द्या, आणि तिच्या ओट्यावर उपरणं तोंडावर घेऊन बसलो. मधे एक भिंत. मला तेवढं पुरतं.

ज्या नोकरीसाठी हैदराबादेत गेली ती सोडून खानावळ घातलीय तिनं. हे मी भिंतीपलीकडून ऐकून समजून घेतलं.

एक गिऱ्हाईक म्हणत होतं, "ताई, और एक भाकरी डालो. कल भूका उठा मैं."

"कल पाँच खाए तुम," आरोही म्हणाली. "भूका उठा बोलते. झूट बोलने को शरम नहीं आती क्या, चाचा?"

ते हसलं. बाकीचे हसले. मग आमटी वाढली असावी, कारण आवाज थांबला. दहा-बारा माणसं असतील आत, शब्द नाही. मी ओट्यावर डोळे मिटून बसलो होतो. आयुष्यात इतकं बरं आणि इतकं वाईट मला एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं तुम्ही आलात. चपला घासत चालता तुम्ही, लांबून कळतं. दुसरं पातेलं तेव्हाच उतरलं होतं. ती म्हणाली, "काका, मीठ बघा."

अर्जुनराव, माझ्या हॉटेलात आमटी उतरली की पहिली पळी माझ्या तळहातावर येते. दुसऱ्या कुणाच्या नाही. आचारी बदलले, मीठ बघणारा मीच राहिलो. चार वर्षांची असल्यापासून तिनं ते बघितलंय. आणि तिनं तुम्हाला हाक मारली. तुम्ही वेळ घेतलात, मोठ्या जाणकारासारखा, आणि म्हणालात, "चिमूटभर टाक अजून." ब्लडप्रेशरसाठी अळणी खाऊन खाऊन जीभ गेलेला माणूस तुम्ही, आणि माझ्या पोरीनं तुमचं ऐकून मीठ टाकलं.

गिरणीवाल्या बाईकडून मी एक पार्सल मागवून घेतलं. स्टेशनच्या बाकावर बसून खाल्लं. मीठ जास्त झालं होतं. तुमच्यामुळं. हे वाचून तुम्हाला लागलं तर लागू द्या, मला फार समाधान वाटलं. भाकरीला मात्र नाव ठेवता आलं नाही. डबा बोटानं पुसून खाल्ला.

तुम्हाला का सांगितलं आणि मला का नाही, हे विचारायचा मला हक्क नाही. तुम्हाला ठाऊक असेलच, पण माझ्या हातानं लिहितो. दोन वर्षांपूर्वी ती इथं सुट्टीला आली होती. भर जेवणाच्या वेळी म्हणाली, "बाबा, मी इथंच राहते. स्वयंपाकघर मी बघते." मी म्हणालो, "त्या चुलीपाशी तू उभी राहिलीस त्या दिवशी मी हॉटेलला कुलूप लावीन." मोठ्यानं म्हणालो. सगळी खानावळ गप झाली. ते गप होणं जेवणातलं नव्हतं. तिनं ताट उचललं, धुतलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मला वाटत होतं, माझ्यासारखे भाजलेले हात तिच्या वाट्याला नकोत. हे मी तिला सांगितलं नाही. फक्त कुलपाचं सांगितलं.

तेव्हा तिनं आपली गोष्ट जिथं ऐकून घेतली जाईल तिथं सांगितली. तुम्ही ऐकलीत, जागा शोधून दिलीत, वर तोंड बंद ठेवलंत. उपकार आहेत तुमचे. तुमच्यावर जळतो मी, आणि उपकार आहेतच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, यातली एकच धरून बसू नका.

डिसेंबरच्या आठ तारखेला येतो. नहारी, चहा, डोसा, बिर्याणी, चारही ठिकाणी तुम्ही म्हणाल तसं खाईन आणि तुमचं कौतुक करीन, वनमालेसमोरसुद्धा. पाचव्या जागी मात्र तुम्ही यायचं नाही. नऊ तारखेला सकाळी, आमटी उतरायच्या वेळेला, मी एकटा जाईन. तिला आधी सांगू नका. ती पळी पुढं करील की नाही, मला माहीत नाही. नाही केली तर गिऱ्हाइकासारखा बाकावर बसेन, वाढेल ते खाईन, आणि तिचे हात किती भाजलेत ते विचारून निघेन.

वच्छलाताईंना नमस्कार. डब्यांबद्दल वनमालेला काही बोलू नका. तिला वाटू द्या, मला कळलं नाही.

आरोहीचा बाप,
मोहन