आधी कांडी तपासायची

३ जुलै २०२५, देऊळघाट

अकोल्याहून आलो. दुसऱ्यांदाही नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. माझं सुईने काढलेलं बीज दोन्ही वेळा टिकलं नाही, तिसऱ्यांदा तेच करण्यात अर्थ नाही. दात्याचं बीज घेतलं तर आशा आहे. अनुपमा आता एक्केचाळीसची होईल, फार थांबू नका.

संमतीच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात. तिने तिथेच केली. मी म्हणालो, घरी नेऊन नीट वाचतो.

वाचण्यासारखं काय होतं त्यात? दीड पान!

७ जुलै

जानरावच्या गोठ्यावर गेलो. "साहेब, थे गाय पुन्हा उलटली. तिसरी खेप. इकून टाकू का?" उलटली म्हणजे वळूच्या गोठवलेल्या बीजाची कांडी भरूनही परत माजावर आली. मी नेहमीचं बोललो — गायीला दोष द्यायच्या आधी माझी कांडी तपासू. भांड्यातला नायट्रोजन कमी झाला असेल तर आतलं बीज मेलेलं असतं. चार माणसांसमोर, अगदी सहज.

जानराव म्हणाला, "तुमच्यासारखा मानूस नाई. दुसरे डॉक्टर जनावरावरच ढकलतात."

मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. हेही लगेच सुधारून सांगितलं. एवढा खरा माणूस!

घरी आलो तर आई अनुपमाला म्हणत होती, "इतक्या सुया टोचून घेतल्या, तुह्या आंगाले काहीच काऊन लागत नाई वं?" तेरा वर्षं झाली, आईला वाटतं दोष तिचा. अनुपमा कणीक मळत राहिली. मी हात धुवायला मोरीत गेलो. हात धुतलेलेच होते.

८ जुलै

फॉर्म कपाटातच.

१९ जुलै

अनुपमा म्हणाली, "हो म्हना नाहीतर नाही म्हना. दोन्ही चालन."

"विचार करतोय."

"कशाचा?"

इथे लिहून पाहतो. कुठल्या वळूचं बीज आहे हे नंबरावरून फक्त मला कळतं. जन्मलेलं वासरू मालक 'माहं' म्हणूनच घरात घेतो, बाप कोण ते विचारत नाही. मग मला काय टोचतं? मूल परकं वाटेल अशी भीती? नाही. खरं लिहायचं तर, ते माझ्यासारखं दिसलं नाही आणि आईने विचारलं तर काय सांगू, एवढीच आहे. म्हणजे इतक्या मोठ्या गोष्टीच्या तळाशी इतकी लहान गोष्ट!

२ ऑगस्ट

जनावरांच्या दवाखान्यात कोणीतरी मागून म्हणालं, "साहेबाच्या हातानं गावभर वासरंच वासरं, अन् घरी…" दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मीही हसलो. का हसलो?

२२ ऑगस्ट, पोळा

बैलांची मिरवणूक झाली. संध्याकाळी पिठोरी, आयांनी पोरांसाठी करायचं व्रत. आई डोक्यावरून मागे ताट धरते आणि विचारते, "अतीत कोन?" म्हणजे अतिथी कोण. मागे उभ्या पोराने "मी" म्हणून ताट घ्यायचं. त्रेचाळीसचा झालो तरी दरवर्षी उभा राहतो.

शेजारच्या गीताबाई अनुपमाला म्हणाल्या, "तू बी धर वं ताट. देवी आयकते."

आई पटकन बोलली, "तिच्या मांगं उभं राह्याले हायेच कोन?"

अनुपमा उठून आत गेली. आईने विचारलं, "अतीत कोन?"

मी "मी" म्हणालो. ताट घेतलं. जेवलो. पुरणपोळी गोड लागली, हेही लिहून ठेवतो.

२४ ऑगस्ट

सांगितलं.

आई अंगणात डाळ पाखडत होती. म्हणालो, "आई, रिपोर्ट माझा खराब आहे. अनुपमाचा नाही. पहिल्यापासून."

सूप थांबलं. "काहीबाही बोलू नोको राजू. तू तं साऱ्या गावच्या गायी गाभन करतं!"

ती खरंच असं धरून चालली होती. ज्याच्या हाताला एवढा गुण, त्याच्यात खोट कशी असेल? मी तेरा वर्षं तिचा गैरसमज जपला, आणि तो असा होता हेही मला माहीत नव्हतं. सगळं समजावून सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तिले ठाऊक होतं?"

"हो."

"अन् तरी माहं आयकून घेतलं तिनं?"

भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही.

२६ ऑगस्ट

आई गीताबाईंच्या ओट्यावर जाऊन सगळ्या बायांसमोर बोलून आली. "खोट माह्या पोरात हाये. सुनंले मी फुकट बोलली." दुपारपर्यंत दवाखान्यात पोचलं. माझ्याकडे कोणी सरळ बघेना. लाज वाटली, पण वाटेल म्हणून भ्यालो होतो तेवढी नाही.

रात्री आईने आधी अनुपमाला वाढलं. अनुपमा ताटावरच रडली. मग आईही. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा.

२८ ऑगस्ट

सही केली. फॉर्म तिच्यासमोर ठेवला. म्हणालो, महालक्ष्म्या उठल्या की अकोल्याला जाऊ.

तिने माझी सही पाहिली. कागदाची घडी घातली.

"मले नाही जायचं आता."

मी म्हणालो, "रागावलीस?"

"नाही हो. राग असता तं गेली असती." फॉर्म कपाटात ठेवत म्हणाली, "मले वाटे मले लेकरू पाह्यजे. परवा आई सगळ्यांपुढं बोलल्या, अन् त्या रात्री मी शांत झोपली. सकाळी उठून मनात धुंडाळलं. लेकरू कुठंच नव्हतं. मले निस्तं सुटायचं होतं."

मग विचारलं, "तुम्हाले पाह्यजे होतं का कधी?"

मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर सगळं चाललं होतं. तिने मान हलवली आणि कपडे वाळत घालायला गेली.

३० ऑगस्ट

परवा तिला दिलेलं उत्तर खोटं आहे. मला मूल हवं आहे.

हे मात्र तिला सांगणार नाही. ऐकलं तर ती पुन्हा सुया टोचून घेईल.