बायांना सगळं येतं

प्रिय समिधा,

हर्षला लिहून घेते आहे, शेजारच्या राजेशची पोर. मी बोलते तसंच लिही म्हटलं, तर विचारते, आजी, शिव्या गाळू का? गाळ म्हटलं. तेव्हा पत्र निम्मंच पोचलं असं समज.

भात कापून झालं. तुझ्या बापाने रचलेल्या भाऱ्यांच्या उडव्या वाकड्या आहेत, पण त्याला सांगू नको. खोपोलीच्या त्या कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असतेस म्हणे. पायांना तेल लावत जा. बायांना बँकेचं शिकवायचा तुझा पैशांचा वर्ग बंद पडला, तरी त्या मंगळवारी देवळात जमतात आणि एकमेकींच्या सुना सोलून उठतात. फोनवर आलेला नंबर कुणाला का सांगायचा नाही, हे तू सांगायचीस तेव्हा निदान तेवढा वेळ सुनांना सुट्टी असायची.

जाताना म्हणालीस, वर्गाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या लोकांपुढे माझंच बोलणं कमी पडलं, म्हणून पुढचं अनुदान दिलं नाही. मी तांदूळ निवडत होते. खडे संपले तरी निवडत राहिले.

संस्थेचे लोक वर्ग बघायला आले त्या दिवशी तू त्यांना आणायला कर्जत स्टेशनावर गेलीस, तेव्हा मी बायांना गोळा केलं गं. मुलगी बघायला आले की आपण काय करतो? स्वयंपाक येतो का, येतो. शिवण येतं का, येतं. घरचं उणं पाहुण्यांपुढे काढायचं नसतं. तेच पढवलं: काहीही विचारू दे, येतं म्हणा, पोरीची लाज राखा. मग संस्थेच्या मोठ्या बाईंनी तुला बाहेर थांबवून विचारलं, एटीएममधून स्वतः पैसे काढता? सगळ्या एका सुरात हो म्हणाल्या. धोंडूबाई सर्वांत मोठ्याने, जिने ते यंत्र काचेबाहेरूनच पाहिलंय. बाई खूश होऊन म्हणाल्या, हे गाव तयार झालं, आता गरज असेल तिथे पैसा देऊ. मला वाटलं कौतुक केलं. मी त्यांच्या ओटीत नारळ घातला.

गेल्या आठवड्यात धोंडूबाईला बँकेतून बोलतोय म्हणून कुणाचा फोन आला. तिने नंबर सांगून टाकला. शेळ्या विकून सुनेच्या बाळंतपणाला ठेवलेले सगळे गेले. मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काल हर्षलाच्या फोनवरून मी संस्थेच्या बाईंना खरं सांगितलं. पैशांचं काही कबूल केलं नाही, पण म्हणाल्या, समिधा असेल तर रविवारी येऊन बघते. म्हणून हे पत्र. तुझं बोलणं कमी पडलं नव्हतं, बाय. ये. तुलाही मी फोन करू शकले असते. पण तू जाऊ दे गं आजी म्हणाली असतीस, आणि मी जाऊ दिलं असतं.

तुझीच, तुझ्या रागाची वाट बघणारी,
मैनाआजी